गाण्यातली माणसं, पडद्यावरचं गाव : आपलं स्वतःचं कथाविश्व कसं उभं करायचं

दिवाळीत अंगणात किल्ला केलाय ना कधी? मग यातलं अर्धं काम तुम्हाला आधीच येतंय. आमच्या बेळगावात वडगाव, शहापूर, अनगोळ, कुठल्याही गल्लीत जाऊन बघा, दगड, माती, भिजवलेली पोती, वर पेरलेलं हळीव नाहीतर मोहरी, माथ्यावर सिंहासनात महाराज, बुरुजावर तोफ, खाली बाजारात भाजीवाली आणि विहिरीवर पाणी शेंदणारी बाई. प्रत्येक गल्लीचा किल्ला वेगळा, करणारी पोरं वेगळी, तरी बघणारा क्षणात ओळखतो की हे जग कुठलं आणि यात काय बसतं, काय बसत नाही. माझ्या धाकट्या भाच्यानं एकदा बाजारात भाजीवालीच्या शेजारी प्लॅस्टिकचा स्पायडरमॅन उभा केला, तर शेजारची चार-पाच वर्षांची पोरगी लगेच म्हणाली, "ह्यो हितला न्हवं." तिला कुणी शिकवलं नव्हतं. सामाईक कथाविश्व म्हणजे हेच, अनेक हातांनी केलेलं एक जग आणि त्यात कुठली गोष्ट बाहेरची ते सगळ्यांना न सांगता कळणं.

मी, माझे दोन भाचे, चित्रं काढणारी भाची आणि भजनात पेटी वाजवणारा एक दोस्त असे पाच जण गेली काही वर्षं असं एक जग करतोय, सात गाणी झालीत आणि चार छोट्या ॲनिमेशन फिल्म. बरेच जण विचारतात की सुरुवात कुठनं करायची, पैसे किती लागतात, चित्र येत नसेल तर जमेल काय, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय.

आधी एक गोष्ट डोक्यातनं काढून टाका, की हे काहीतरी जपानी नाहीतर अमेरिकन खूळ आहे आणि आपण त्यांची नक्कल करणार आहोत. जात्यावरच्या ओव्या आठवा. विठोबा, रखुमाई आणि जनाबाई या तिघांचं एक घर बायकांनी ओव्यांतनं उभं केलंय, रखुमाई जनीवरनं रुसते, विठोबा तिची समजूत काढतो, जनीबरोबर दळायला बसतो. एका गावच्या बाईनं एक ओवी घातली, दुसऱ्या गावच्या बाईनं त्यात रुसव्याचं आणखी एक कारण घातलं, दोघी कधी भेटल्या नाहीत तरी रखुमाईचा स्वभाव दोघींच्याही ओवीत तोच. आणि हा विठ्ठल ज्ञानेश्वरांच्या अभंगात 'कानडा' आहे, तिकडे सोळाव्या शतकात पुरंदरदास कानडीत पदं रचतात आणि प्रत्येक पदाच्या शेवटी 'पुरंदर विठ्ठल' अशी मुद्रा घालतात. एकच पात्र, दोन भाषा, शेकडो कवी. आपल्या सीमेवरच्या माणसाला यापेक्षा जवळचं उदाहरण कुठलं देऊ? तमाशातल्या गवळणीतही पेंद्या आणि मावशी कुठल्याही फडात जा, तीच असतात, फक्त बोलणं त्या रात्रीचं नवं.

गीतरामायण पण याच नजरेनं ऐकून बघा. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक गाणं, एकूण ५६, आणि प्रत्येक गाणं कुणीतरी एक पात्र म्हणतंय. राम आहे, सीता आहे, कौसल्या आहे, आणि गंगेपार नेणाऱ्या नावाड्यांनासुद्धा एक पूर्ण गाणं मिळालंय. मला यातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट ती नावाड्यांचीच वाटते, मोठ्या गोष्टीतल्या लहान माणसाला गाणं दिलं की जग एकदम मोठं होतं.

बाहेरची दोन उदाहरणंही सांगतो कारण त्यातनं दोन उलट रस्ते दिसतात. गोरिलाझ हा बँड १९९८ मध्ये डेमन अल्बार्न हा संगीतकार आणि जेमी ह्यूलेट हा चित्रकार या दोघांनी मिळून काढला, त्यातले टू-डी, मर्डॉक, नूडल आणि रसेल हे चौघंही चित्रातले, खरी माणसं त्यांच्या मागं. इथं पात्रांचं सगळं चरित्र करणाऱ्यांनी लिहिलंय, कोण कुठनं आला, कोण कुणावर चिडून आहे, सगळं. उलट हात्सुने मिकू, २००७ च्या ऑगस्टमध्ये जपानच्या साप्पोरोमधल्या क्रिप्टन कंपनीनं काढलेलं गाण्याचं सॉफ्टवेअर, साकी फुजिता या अभिनेत्रीच्या आवाजावर बेतलेलं. पाकिटावर निळसर हिरव्या दोन लांब शेंड्यांची मुलगी, आणि माहिती एवढीच की वय १६, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ४२ किलो. गोष्ट काहीच नाही. ती जागा मोकळी होती म्हणून हजारो लोकांनी आपापली गाणी आणि गोष्टी तिच्या तोंडी घातल्या, एका चाहत्यानं व्हिडिओत तिच्या हातात कांद्याची लांब हिरवी पात दिली तर ती पात पुढं तिची ओळखच होऊन बसली. तुम्हाला यातला कुठला रस्ता घ्यायचा ते पहिल्याच दिवशी ठरवा. मला स्वतःला मधला आवडतो, पात्रं आणि नियम आपले घट्ट, बाकी अंगण मोकळं.

आता खरं काम.

पहिल्यांदा नियम, मग पात्रं

सगळेजण आधी पात्रं काढतात. वीस-पंचवीस पात्रं, सगळ्यांचे कपडे, तलवारी, जादू, आणि गोष्ट कुठंच नाही. आम्हीपण पहिले दोन महिने हेच केलं आणि ती वही तशीच पडून आहे. जग उभं राहतं ते नियमावर, आणि नियम असा पाहिजे की त्याची किंमत पात्राला मोजावी लागेल.

आमच्या जगात दोनवाटा नावाचं गाव आहे, कल्पनेतलंच, खानापूरच्या पुढं चोर्ला घाटाच्या वाटेवर कुठंतरी धुक्यात. तिथं पाऊस कधीच थांबत नाही. कुणी गाणं म्हटलं तर गाणं चालू असेपर्यंतच थांबतो, आणि जो गातो त्याच्या अंगावरचा एक रंग कायमचा जातो. बास, एवढाच नियम. पण यातनं किती प्रश्न आपोआप निघतात बघा, भात वाळवायचा असेल तर गाणार कोण, लग्नाच्या वरातीत पाऊस थांबवायला स्वतःचा रंग कोण देणार, म्हाताऱ्या माणसाचे सगळे रंग संपले तर तो काय करणार. प्रत्येक प्रश्न म्हणजे एक गाणं. आणि आम्ही गाणी आणि ॲनिमेशन दोन्ही करणार होतो तर नियमही असा शोधला की ऐकून अर्धा कळेल आणि बघून पूर्ण कळेल, पाऊस थांबलेला कानाला कळतो, रंग गेलेला डोळ्याला.

यात एक साधा फायदा पण आहे जो आम्हाला नंतर कळला. पाऊस चितारणं लई कटकटीचं काम, पण आमच्या फिल्ममध्ये गाणं चालू असताना पाऊस नसतोच, त्यामुळं जिथं नाच आणि हालचाल जास्त तिथं पाऊस काढायचा त्रासच नाही. तुमचा नियम ठरवताना तुमच्याकडं काय सामान आहे, किती हात आहेत, हेही बघा.

तीन पात्रं पुरेत

आमची तीनच आहेत. गंगव्वा, घाटातल्या टपरीवर चहा विकणारी. बाळू, हातमागावर साड्या विणणारा. आणि तिसरी रात्रीची गाडी, एक बस. तिच्या पुढच्या काचेवर मराठी पाटी, मागच्या काचेवर कानडी, त्यामुळं येताना ती एक असते आणि गेल्यावर दुसरी. गाडी बोलत नाही, तिचा आवाज म्हणजे कंडक्टरची घंटी, एक वाजली की थांबा, दोन वाजल्या की चला. एवढ्यावर तिचं अख्खं गाणं झालंय आणि पोरांना तेच जास्त आवडतं.

पात्र पक्कं झालं की नाही ते बघायला दोन चाचण्या करा. पहिली सावलीची. कागदावर पात्र काढून आत पूर्ण काळं भरा आणि घरातल्या कुणाला दाखवा, नुसत्या आकारावरनं ओळखलं पाहिजे. कर्नाटकातला तोगलु गोंबेयाट, म्हणजे सावलीच्या बाहुल्यांचा खेळ, असो नाहीतर कुडाळजवळच्या पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या, पडद्यामागनं दिव्याच्या उजेडात खेळायचं म्हणजे रावण आणि हनुमान आकारावरनंच वेगळे दिसले पाहिजेत, ती माणसं पिढ्यान्‌पिढ्या हे करत आलीत. आमच्या गंगव्वाच्या हातात कायम किटली असते आणि पदर डाव्या खांद्यावरनं लांब सोडलेला असतो, बाळूची मान मागावर वाकून वाकून पुढं आलेली. झालं, ओळखू येतात.

दुसरी चाचणी बोलण्याची, आणि माझ्या मते ही जास्त महत्त्वाची. डोळे मिटून एक वाक्य ऐकलं की कोण बोललं ते कळलं पाहिजे. इथं आपल्या भागातल्या माणसाकडं जे धन आहे ते पुण्या-मुंबईच्या पोराकडं नाही. खरोखरची टपरी गाठा, तासभर बसा आणि कान द्या. मी बसलो होतो पावसाळ्यात, टपरीवालीनं एका पोराला "बा तम्मा, कुंदरु" म्हणून बसवलं, त्याच दमात नवऱ्याला "दूध उतू चाललंय की वो" म्हणाली आणि पैसे मोजताना पुन्हा कानडीत आकडे. कुणासाठी कुठली भाषा हे ती ठरवत नव्हती, जीभ आपसूक वळत होती. मी घरी येऊन गंगव्वाचे सगळे संवाद फाडून नव्यानं लिहिले, कारण आधीच्यात ती शाळेच्या पुस्तकासारखं बोलत होती. आता ती माया करताना कानडीत येते आणि हिशेब मराठीत करते, हिशेबात टपरीवालीच्या उलट, कारण ते आमच्या गोष्टीला बसलं. बाळू फक्त मराठी बोलतो पण रागावला की गप्प बसतो. हे वहीत लिहून ठेवलंय.

दोन भाषांचं एक पथ्य मात्र पाळा, कानडी बोलणारं पात्र म्हणजे हसायचं पात्र असं कधीही करू नका, आणि उलटही नको. ज्या भाषेत आपल्या शेजारणीनं आपल्याला लहानपणी जेवू घातलं तिची टिंगल आपल्या जगात नको. कानडी ओळ तुम्हाला येत नसेल तर ज्याची ती घरची भाषा आहे त्याच्याकडनं तपासून घ्या, अंदाजानं लिहाल तर ऐकणाऱ्याला लगेच खटकतं.

गाणं : एकाच माणसाचं, एकाच वेळेचं

गाण्यात अख्खी गोष्ट सांगायला जाऊ नका. गाण्यात तीन मिनिटं असतात आणि त्यात एक माणूस, एक वेळ आणि त्याला बोलता न येणारी एक गोष्ट एवढंच मावतं. "मी गंगव्वा, मी टपरी चालवते, माझा मुलगा गेला" असं गाणं होत नाही. गंगव्वा दोन कप भरते आणि एकच गिऱ्हाईक आहे, हे गाणं होतं. मुलगा का गेला, कुठं गेला, ते फिल्म दाखवेल नाहीतर पुढच्या वर्षीचं दुसरं गाणं.

आणि पात्राला वय येऊ द्या. डेव्हिड बोवी या इंग्रज गायकाचा मेजर टॉम १९६९ च्या गाण्यात अंतराळात निघून जातो आणि संपर्क तुटतो, मग ११ वर्षांनी १९८० मध्ये बोवी त्याच टॉमची खबर आणतो, आता तो व्यसनात बुडालेला. मधली ११ वर्षं ऐकणाऱ्यांनी मनात भरून काढली. तुम्हीपण एखादी गोष्ट मोकळी सोडा, सगळं लगेच मिटवू नका.

आता टेम्पो, म्हणजे गाण्याची गती, आणि हा भाग नीट वाचा, आमचे तीन आठवडे यात पाण्यात गेलेत. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम असतात, पण हातानं काढणारे बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं, मिनिटाला ७२०. आता गाण्याच्या टेम्पोनं ७२० ला भागा. मिनिटाला १२० ठोके असतील तर एका ठोक्याला ६ चित्रं येतात, ९० ला ८, ८० ला ९, ७२ ला १०, ६० ला १२. सगळे पूर्ण आकडे, म्हणजे पाऊल ठोक्यावर बरोबर पडतं. पण आम्ही पहिलं गाणं १०० वर बसवलं होतं, ७२० भागिले १०० म्हणजे ७.२, ते वरचे ०.२ प्रत्येक ठोक्याला साचत जातात आणि दहा ठोक्यांत दोन चित्रांचा फरक पडतो, बाळूचा हात मागावर पडून गेलाय आणि आवाज नंतर येतोय. आम्ही समजत होतो भाचीचं चित्र चुकतंय, ती बिचारी रात्र-रात्र पुन्हा काढत होती, चूक माझ्या टेम्पोत होती. शेवटी गाणं ९० वर आणून पुन्हा गायलो. तर टेम्पो आधी ठरवा, चित्र नंतर.

ठोका कुठनं आणायचा? आमच्याकडं वडगाव-खासबागच्या बाजूला अजून माग आहेत, विणकराची परवानगी घेऊन फोनवर दहा मिनिटं मागाचा आवाज घेतला, खट्, धोट्याची सरक, पुन्हा खट्. तो ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये घालून ९० वर ओढला, ते फुकट मिळतं. बाळूच्या प्रत्येक गाण्यात खाली तोच आवाज असतो, त्यामुळं बाळू पडद्यावर नसला तरी तो आवाज आला की कळतं तो जवळपास आहे. प्रत्येक पात्राला असा एक आवाज द्या, गंगव्वाला किटलीचं झाकण, गाडीला घंटी. तुम्ही निपाणीकडचे असाल तर तुमच्याकडं वेगळे आवाज असतील, गोकाकला धबधबा, कणकुंबीला मलप्रभा उगमाजवळचं बारीक पाणी. यासाठी खर्च शून्य आणि जगाला स्वतःचा वास येतो तो यानंच.

चित्र हलवायचं कसं

चित्र येत नसेल तरी अडू नका. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमाराला नुसत्या आगकाड्या हलवून फिल्म केली होती, एक काडी थोडी सरकवायची, फोटो घ्यायचा, परत सरकवायची. आमची पहिली फिल्मपण अशीच, आणि ती केली दिवाळीच्या किल्ल्यावर. किल्ला तयारच होता, मावळे तयारच होते, एका भाजीवालीला रंग देऊन तिचीच गंगव्वा केली, किटली म्हणजे करंजीच्या पिठाचा गोळा.

करताना काय काय झालं ते सांगतो म्हणजे तुमचं वाचेल. दिवसा फोटो घेऊ नका, ढग आला-गेला की उजेड बदलतो आणि फिल्म लुकलुकते. आम्ही रात्री अंगणातला दिवा बंद करून एकच एलईडी बल्ब लावला. फोन पुस्तकांच्या थप्पीवर चिकटपट्टीनं घट्ट बांधा, आणि कॅमेऱ्यात फोकस आणि उजेड लॉक करा, बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये होतं. माती ही दोन रात्रींत वाळते. पहिल्या रात्री काढलेला किल्ला ओला काळपट आणि दुसऱ्या रात्रीचा पांढुरका आणि भेगाळलेला, एका पावलात गंगव्वाच्या पायाखाली भेग पडलेली दिसायची. मग दर वीस फोटोंनी पाण्याचा फवारा. ४० सेकंदांच्या फिल्मला सेकंदाला १२ च्या हिशेबानं ४८० फोटो लागतात, आम्हाला चार रात्री लागल्या, मोहरी तेवढ्यात बोटभर वाढली आणि फिल्म नीट बघितलीत तर गवत वाढताना दिसतं. ते आम्ही तसंच ठेवलंय, पावसाचं गाव आहे, गवत वाढणारच.

हातानं काढायचं असेल तर फोनवर फ्लिपाक्लिप, कॉम्प्युटरवर क्रिटा नाहीतर ओपनटून्झ. ओपनटून्झ ज्या टून्झवरनं निघालं ते जपानचा घिब्ली स्टुडिओ वापरायचा, २०१६ पासून ते सगळ्यांना फुकट आहे. थ्रीडीसाठी ब्लेंडर, तेही फुकट. २०२४ ची लाटवियाची मांजराची फिल्म, फ्लो, ब्लेंडरवर केलेली आहे आणि तिला ॲनिमेशनचं ऑस्कर मिळालं, आणि तिच्यात एकही संवाद नाही. डाफ्ट पंक या फ्रेंच बँडनं २००१ च्या आपल्या अल्बमवर २००३ मध्ये इंटरस्टेला ५५५५ ही फिल्म काढली तीपण अशीच, संवाद नाहीत, गाणीच गोष्ट सांगतात. तुम्ही नवीन असाल तर हाच मार्ग धरा, ओठ हलवायच्या भानगडीत पडू नका. अगदीच पाहिजे तर तीन तोंडं काढा, मिटलेलं, अर्धं आणि उघडं, आणि ओळीच्या मुख्य शब्दावरच बदला.

चित्रांची संख्यासुद्धा स्वभाव दाखवते. २०१८ च्या स्पायडर-व्हर्स फिल्ममध्ये सुरुवातीला नव्यानं स्पायडरमॅन झालेल्या माइल्सची हालचाल सेकंदाला १२ चित्रांवर आहे आणि अनुभवी पीटरची २४ वर, जंगलात दोघं शेजारी उड्या मारतात तेव्हा माइल्स नवखा आहे हे कुणी न सांगता डोळ्याला कळतं. आमच्या गाडीला आम्ही सेकंदाला फक्त ६ चित्रं देतो, जुनी गाडी आहे, हिसके खात चालते. काम निम्मं आणि गाडी खरी.

वही

ही एकच गोष्ट केलीत तरी चालेल. शंभर पानी साधी वही घ्या, मोबाईलमधली नको, सगळ्यांच्या हातात फिरणारी पाहिजे. पहिल्या पानावर नियम, दोन-तीन ओळीत. मग प्रत्येक पात्राला एक पान. गंगव्वाचं पान असं आहे : उंची कट्ट्याच्या वर दोन विती. हिरवी इरकल, लाल पदर. कधीच 'नाही' म्हणत नाही, नको असेल तर विषय बदलते. पोहता येत नाही. मुलाचं नाव घेत नाही. आणि खाली तक्ता, कुठल्या गाण्यात कुठला रंग गेला.

तो तक्ता का, ते ऐका. दुसऱ्या गाण्यात गंगव्वाचा हिरवा गेला होता, लुगडं पांढरं. तिसरी फिल्म करताना घाईत भाचीनं जुनी फाइल उघडली आणि गंगव्वा पुन्हा हिरव्या लुगड्यात. आमच्या पाचांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. गणपतीत गल्लीत चादरीवर फिल्म लावली आणि पुढं सतरंजीवर बसलेली एक पोरगी ओरडली, "हिचं हिरवं गेलंय न्हवं?" आणि मग सगळीच पोरं. भाची घरात जाऊन रडली. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही ती आनंदानं, कारण त्या पोरांना आमचा नियम आमच्यापेक्षा जास्त पाठ होता.

दुरुस्त करून परत लावता आलं असतं. पण बघितलेलं बघितलं. आम्ही महिनाभर विचार केला की हिरवा परत आला तर कुठनं आला, आणि उत्तर मागावर मिळालं. बाळू विणकर आहे, रंगाचं सूत त्याच्याच हातात. त्यानं स्वतःचा हिरवा उकलून तिच्या लुगड्यात विणला आणि कुणाला सांगितलं नाही. चौथं गाणं बाळूचं झालं, आणि तोवर नुसता मान वाकवून बसणारा बाळू आमचं सगळ्यात लाडकं पात्र झाला. तर चूक झाली की आधी वही काढा आणि विचारा, हे खरंच झालं असेल तर का झालं? उत्तर नियमात बसत असेल तर ठेवा, बसत नसेल तर मात्र निमूट दुरुस्त करा, ओढूनताणून कारण चिकटवलेलं पोरं ओळखतात.

दुसऱ्यांना आत घेताना

जग चांगलं झालं की कुणीतरी विचारतंच, मी यात माझं पात्र घालू काय. घालू द्या, पण तीन गोष्टी आधी बोलून घ्या. नियम बदलायचा नाही. दुसऱ्याच्या पात्राला मारायचं नाही, लग्न लावायचं नाही, ज्यानं पात्र केलं त्याला विचारल्याशिवाय. आणि पाहुणा आला तर का आला आणि कधी जाणार हे ठरलेलं पाहिजे. गोरिलाझनं २०१८ च्या अल्बमला हे फार छान केलं, मर्डॉक तुरुंगात होता म्हणून त्याच्या जागी पॉवरपफ गर्ल्स या कार्टूनमधला एस नावाचा गुंड बास वाजवायला घेतला. दुसऱ्याच जगातलं पात्र, पण कारण गोष्टीतलं, आणि मर्डॉक सुटल्यावर तो गेला.

तुम्ही मात्र दुसऱ्याचं पात्र परवानगीशिवाय उचलू नका. आपल्याकडं १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, लेखक हयात असेपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं त्याच्या लिखाणावर हक्क असतो. गीतरामायण लिहिणारे गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे त्यांची गीतं २०३७ संपेपर्यंत हक्कात आहेत. ज्ञानेश्वर, एकनाथ, पुरंदरदास, ओव्या, हे सगळ्यांचं आहे, खुशाल घ्या, पण शब्द मोकळे म्हणून एखाद्या गायकाची त्यावरची चाल नाहीतर रेकॉर्डिंग मोकळं होत नाही, ते वेगळं. चाल स्वतः लावा. आणि गल्लीतल्या खऱ्या माणसाचं नाव, चेहरा, घरातली गोष्ट जशीच्या तशी घालू नका, कितीही गमतीची असली तरी. टपरीवालीचं बोलणं घेतलं तरी गंगव्वाचं दुःख आम्ही वेगळं केलंय.

दाखवायचं कसं

क्रमानंच दाखवलं पाहिजे असं काही नाही. बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक बघितली असेल तर हे सांगायलाच नको. वैशाखात रात्रभर एकामागं एक मंडळाचे सजीव देखावे, या ट्रॅक्टरवर राज्याभिषेक, त्यामागच्यावर शिवजन्म, त्याच्यामागं आग्र्याहून सुटका, सगळं उलटंसुलटं. तरी कडेला उभ्या आजीच्या मांडीवरचं पोरसुद्धा गोंधळत नाही, कारण प्रत्येक देखावा आपापल्या जागी पूर्ण आहे. तुमचं प्रत्येक गाणं असंच पाहिजे, आधीचं एकही न ऐकलेल्या माणसाला पहिल्या अर्ध्या मिनिटात कळलं पाहिजे की पाऊस आहे, कुणीतरी गाणार आहे आणि त्याला ते महागात पडणार आहे.

पहिला खेळ यूट्यूबवर नको, गल्लीत करा. पांढरी चादर ताणून बांधा, सुरकुती पडली तर पात्राचं नाक वाकडं दिसतं. स्पीकर पडद्याच्या मागं ठेवा, शेजारी नको, म्हणजे आवाज चित्रातनंच आल्यासारखा वाटतो. तुम्ही स्वतः पडद्याकडं बघू नका, बाजूला उभं राहून पोरांची तोंडं बघा. कुठं ती शेजाऱ्याशी बोलायला लागली ती जागा वहीत लिहा, तिथं कात्री लागणार. कुठं एकदम गप्प झाली तीपण लिहा.

आणि खेळ संपल्यावर कुणी पोरगं जवळ येऊन "माझ्या डोक्यात एक पात्र हाय" म्हणालं, तर त्याला उद्या ये म्हणून सांगू नका. तिथंच चादरीखाली बसवा, वहीच्या पहिल्या दोन पानांचा फोटो त्याच्या घरच्यांच्या फोनवर पाठवा, आणि शेवटच्या पानावर त्याच्याच हातानं त्याच्या पात्राचं नाव लिहून घ्या. आमच्या वहीत अशी अकरा नावं झालीत, त्यातला एक बेडूक आहे जो कानडीत ओरडतो, आणि आठवं गाणं त्याचं चाललंय, ७२ वर.